येतो

आक्का दह्याची वाटी घेऊन उंबऱ्याशी आली, तेव्हा यशराज पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. सगळ्या गल्लीसारखा तोही आईला आक्काच म्हणायचा. बॅगा तोहिदच्या गाडीत चढल्या होत्या. तोहिद त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुंबईला विमानापर्यंत दरवेळी तोच सोडायचा.

आताही सगळं दरवेळसारखंच चाललं होतं. देवाला नमस्कार झाला होता. राहिलं होतं तळहातावरचं दही आणि एक शब्द. लहानपणी शाळेला निघताना तो एकदा ‘जातो’ म्हणाला, तेव्हा तिनं त्याला दंडाला धरून आत आणलं होतं. जातो म्हणू न्हाई, येतो म्हणावं.

काल संध्याकाळी शेंगा फोडता फोडता तिनं विचारलं होतं, तिकडं जर्मनीत तू नेमकं करतोस तरी काय. त्यानं सांगितलं. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तो तपासतो. त्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात काळ्या रेषा असतात. त्यांची मांडणी ओळखीचीच, पण सगळ्या मिळून लाल टोकाकडे सरकलेल्या. याला रेडशिफ्ट म्हणतात. त्यावरून कळतं, दीर्घिका आपल्यापासून लांब चालली आहे. तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला. घर ओलांडताच हॉर्नचा आवाज खाली उतरला. हे बघ, तो म्हणाला, प्रकाशाचंही साधारण असंच.

“म्हंजे उजेड येतोय आपल्याकडं, आन् ती निघालीया लांब?”

“हो.”

“माघारी फिरत न्हाईत व्हय?”

“नाही आक्का. जितकी लांब, तितकी जास्त वेगानं.” तो रंगात आला होता. त्यानं आणखी एक शेंग फोडली.

दाराच्या कोपऱ्यात आक्काची नजर गेली. तिथं त्याच्या कोल्हापुरी चपला असायच्या. थंडीच्या देशात त्यांचा उपयोग नाही, म्हणून तो त्या दरवेळी मागे ठेवायचा. ती त्यांना तेल लावून ठेवायची. आज कोपरा रिकामा होता. बॅगेत घातल्या वाटतं, असं मनात येऊन तिला क्षणभर बरं वाटलं.

मग शेवटची पिशवी न्यायला तोहिद पायऱ्या चढून आला. आक्का त्याच्या पायांकडे बघत राहिली. तो ओशाळला.

“यशानंच दिल्या, आक्का. म्हणला, हितं नुसत्या पडून वाळतील.”

यशराजची नाडी बांधून झाली होती. त्यानं ती सोडली आणि पुन्हा बांधली.

मग तो उठला. आक्कानं त्याच्या तळहातावर दही घातलं. त्यानं ते चाटलं, वाकून पाया पडला आणि दरवेळच्याच आवाजात म्हणाला, “येतो, आक्का.”

आक्कानं पदराला हात पुसला.

“जातो म्हण,” ती म्हणाली.