पाण्यासारखं

ओट्यावरच्या मुंग्या अंगठ्याने चिरडता चिरडता नवऱ्याने विचारलं, "काय हो बाई, मुंगीचं रक्त लाल असतं ना?"

ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि चूक कानावर पडली की तिला राहवत नसे. काकडी चिरता चिरता, मान वर न करताच तिने पाठ सुरू केला. "मुळीच नाही. पाण्यासारखं असतं. शिराबिरा काही नसतात, सगळं अंगात मोकळंच फिरतं. हृदय म्हणजे एक लांब नळी, तीसुद्धा छातीत नाही, पाठीत."

"मग हे काय?"

तिने वळून पाहिलं. प्रत्येक चिरडलेल्या मुंगीखाली ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर एक लाल ठिपका होता.

"कोणाला तरी चावल्या असतील," ती म्हणाली. पण मुंगी रक्त पीत नाही, हे मुलांना तीच सांगायची. तिने पुन्हा चिरायला घेतलं, आणि लक्ष नसल्यामुळे सुरी बोटात चांगलीच घुसली.

"अगं, नळाखाली धर!" नवरा धावला आणि तिचं बोट बघून थबकला. "रक्त कुठंय?"

जखम खोल होती. तिच्यातून एक नितळ थेंब आला आणि ओट्यावर पडला.

"काकडीचं पाणी असेल," ती म्हणाली आणि दुसरा हात छातीवर ठेवला. आत सगळं सामसूम होतं.

"घाबरू नकोस," म्हणत तो तिच्या पाठीवरून हात फिरवू लागला. हात मध्येच थांबला.

"तुझ्या पाठीत काय धडधडतंय गं?"