पहिला नंबर
धाडजवळच्या उपकेंद्रात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होती. पाच बाया ओट्यावर बसून होत्या, पण हिरव्या पडद्याआड जायला एकही तयार नव्हती. "सिस्टर, तुमी सोता केली काय हे तपासणी?" त्यांच्यातल्या कलाबाईंनी विचारलं. धम्मशीला सिस्टर एकोणीस वर्षं घरोघरी हेच समजावत होत्या. स्वतः मात्र तपासणीच्या टेबलावर कधी झोपल्या नव्हत्या. त्यांनी चप्पल काढली आणि तपासणी करणाऱ्या, नव्यानंच रुजू झालेल्या डॉक्टर समता मॅडमना म्हणाल्या, "चला, आधी मी." थोड्या वेळानं पडद्याआडून त्यांचा खणखणीत आवाज आला. "बायाहो, व्हिनेगरचा बोळा लावला. थंड लागते, दुखत नाही. आता एक मिनिट थांबाचं. डाग असला तं पांढरा दिसते!" बाहेर कुणीतरी हसलं. मिनिट संपलं. मॅडम वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, डाग आहे." "काय निघालं वं?" कलाबाईंनी बाहेरून विचारलं. मॅडमनी घाईनं ओठांवर बोट ठेवलं. हे ऐकलं तर बाया घरी पळतील. सिस्टर मात्र छताकडे बघत ओरडल्या, "डाग निघाला! कॅन्सर होयाच्या आधीच सापडला! आता जाळून टाकतो त्याले, अन् अजून वीस वर्षं तुमचं डोकं खातो!" ओट्यावर बांगड्या वाजल्या आणि पडदा सरकला. कलाबाई पदर खोचून उभ्या होत्या. "उठा आता, सिस्टर," त्या म्हणाल्या. "नंबर माहा हाये."