दोन बोटं

उणकलच्या त्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो गुरुराज मास्तरांकडे. रविवारच्या सिनेमाला सगळी गल्ली त्यांच्या सोप्यात बसायची आणि मास्तर टीव्हीचं दार सरकवेपर्यंत कुणी ब्र काढायचं नाही. आता समोरच्या पुंडलिकानं रंगीत टीव्ही आणला होता आणि अँटेना बसवायला मास्तरांनाच बोलावलं होतं. गल्लीतली एकूण एक अँटेना त्यांच्याच हातची.

मास्तरांनी गच्चीवर अँटेनाचा पाइप हळूहळू फिरवला.

"बंतु, अण्णा, बंतु!" खालून पुंडलिक कानडीत ओरडला. "रंग आले! आता हलवू नका!"

त्या आवाजातला आनंद मास्तरांना सोसवेना. त्यांनी पाइप आणखी दोन बोटं फिरवला. दिशा एवढीशी चुकली की चित्र टिकतं, रंग तेवढे जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"गेले हो, अण्णा! नुसतं काळं-पांढरं दिसतंय."

मास्तरांनी पाइप तिथंच आवळला आणि ते खाली आले. "इथं एवढंच येणार बघ," ते म्हणाले. "रंगाला सिग्नल पुरत नाही."

पुंडलिक हिरमुसला. त्याच्या बायकोनं, कुसुमावतीनं, मात्र हसतमुखानं मास्तरांपुढं चहा ठेवला.

"बरंच झालं म्हणायचं, अण्णा. तुमच्याकडं काळं-पांढरं आणि आमच्याकडं रंगीत, हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. मी ह्यांना म्हणालेसुद्धा, रंगीत आधी अण्णांच्या घरी येऊ दे, मग आपण घेऊ."