यंदा तपासणी नाही

चहा संपला तरी हेमराज खुर्चीतून उठेना, तेव्हा खाजाभाईंना पहिला संशय आला.

हेमराज मूळचा बोदवडचा. आता पुण्यात राहून एका युरोपी कंपनीसाठी माल खरेदी करतो. जळगावच्या एमआयडीसीत खाजाभाईंचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे आणि निम्म्याहून जास्त चटया त्याच कंपनीला जातात. दरवर्षी तिकडची माणसं तपासणीला यायची, ती चहालासुद्धा न थांबता थेट आत शिरायची. संडासाच्या कड्या लावून बघायची, आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा वाचायची. मागच्या खेपेला एका उंच बाईनं प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर आतून सुपारी निघाली. मग मालकाला फाटकाबाहेर उभं करून कामगार बायांची एकेकीला बोलावून विचारपूस व्हायची. तेवढा वेळ खाजाभाई फाटकाशी उभे राहून कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

आणि आज, ऐन तपासणीच्या दिवशी, एकटाच आलेला हा गडी जागचा हलत नव्हता. आत चला, बघून घ्या, असं खाजाभाईंचं दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर हेमराज हसला. आमचा विश्वास आहे की तुमच्यावर, म्हणाला. खाजाभाईंचा हात आपोआप खिशाकडे गेला. एवढी वर्षं धंदा केला, पण फुकटात विश्वास ठेवणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. कुठंतरी पाणी मुरत होतं.

हेमराजनं मग सगळं समजावून सांगितलं. तिकडच्या राज्यकर्त्यांना आपल्या कंपन्यांची काळजी लागली होती. चीन आणि अमेरिकेपुढं त्या मागं पडत होत्या. म्हणून त्यांना भांडवल स्वस्तात द्यायचं आणि नियमांचं ओझं उतरवायचं, असा विचार चालला होता. त्यामुळं माल पुरवणाऱ्याच्या कारखान्यात बाया कसल्या हवेत काम करतात, याची चौकशी कंपनी यंदापासून करणार नव्हती. तपासणी नाही, फॉर्म नाहीत, काही नाही. तुमच्याही डोक्याचा ताप गेला, असं तो वर म्हणाला.

खरं तर खाजाभाईंनी पेढे वाटायचे. तीन वर्षांपूर्वी याच कंपनीच्या हट्टापायी त्यांनी एक्झॉस्ट बसवलं होतं. भंगार प्लास्टिकचा दाणा वितळताना उग्र धूर निघतो, तो छतातून बाहेर फेकणारं ते धूड वीज अशी खायचं की बिल बघून खाजाभाईंनाच ठसका लागायचा. तरी आता त्यांना आनंद काही होईना. जावयानं मानपान नको म्हटलं की सासऱ्यानं जास्त घाबरावं, अशातली गत.

"भावाचं काय?" त्यांनी सरळ विचारलं.

हेमराजनं रिकामा कप बाजूला सरकवला. भाव खाली आणायचा होता. नियम पाळण्यासाठी म्हणून जो वाढीव दर दिला, तो नियमच नाही तर कशासाठी द्यायचा, असा कंपनीचा साधा हिशोब. पलीकडच्या गल्लीतला एकजण नव्या भावाला तयारही झाला होता. त्याच्याकडं एक्झॉस्ट नाही, हे खाजाभाईंना ठाऊक होतं. ही ऑर्डर गेली तर चटया विणायचे निम्मे माग बंद, हेही ठाऊक होतं.

"म्हणजे मी एक्झॉस्ट बंद करू म्हणता?"

"छे, असं कुठं म्हटलं मी?" हेमराज आता कुठं उठला. "आम्ही काहीच बंद करा म्हणत नाही, खाजाभाई. फक्त यापुढं विचारणार नाही."

त्याला पुढं धुळ्याला जायचं होतं. संध्याकाळपर्यंत फोन करा, असं सांगून तो गाडीत बसला.

खाजाभाईंना राग आला, पण कुणाचा ते कळेना. तसेच ते आत गेले. तपासणीवाले येणार म्हणून सकाळीच फरशी धुऊन काढली होती. बाया धुतलेल्या साड्या नेसून, डोक्याला तेल लावून आल्या होत्या. दाणा वितळवायच्या मशीनपाशी बेबाबाई उभी होती. रात्र रात्र खोकणारी ही बाई एक्झॉस्ट बसल्यापासून निवांत झोपते, हे मागच्या तपासणीत तिनंच त्या उंच बाईला सांगितलं होतं.

"तेनी काय इचारं, भाऊ?" तिनं विचारलं.

"काही नही."

"आम्हले बी इचारनार नही का?"

खाजाभाईंनी मान हलवली. दोन शब्द बरे बोलावेत असं त्यांच्या मनात होतं. पण बिलाचा आकडा आणि नवा भाव डोक्यात एकमेकांशी भांडत होते, आणि नजर आपसूक भिंतीवरच्या एक्झॉस्टच्या बटणाकडे गेली. क्षणभरच गेली. तेवढ्यात त्यांनी ती वळवलीही. पण बेबाबाईनं ती पाहिली होती.

"चालूच शे ना, अक्का," खाजाभाई घाईघाईनं म्हणाले.

बेबाबाईनं वर पाहिलं. छतात एक्झॉस्ट घरघरत होतं, हवा स्वच्छ होती.

"हाव भाऊ," ती म्हणाली. "आज शे."

आणि कोपऱ्यातलं एक फडकं झटकून तिनं ते नाका-तोंडावरून आवळून बांधलं, मागं गाठ मारली आणि मशीन सुरू केलं.