तिसरी हाक

"आधी हाक ऐकू आली पाहिजे, मग बाकीचं," नवरा दुकानदाराला म्हणाला. "हिला झोप लागली आणि आईची हाकच कानावर आली नाही, तर काय करायचंय असलं मशीन घेऊन?"

दुकान गाद्यांचं होतं. उशा, चादरी, आणि कोपऱ्यातल्या एका फळीवर ही झोपेची मशिनं. बटण दाबलं की एकातून पंखा घरघरायचा, दुसऱ्यातून नदी वाहायची, तिसऱ्यातून तर चक्क आगगाडी जायची. दुकानदार उत्साही होता. प्रवासाला न्यायचं असेल तर हे खिशात मावतं, म्हणाला.

"आम्ही कुठे जातोय प्रवासाला?" ती म्हणाली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. शेजारच्या काकू त्यांच्यापाशी जेमतेम तासभर बसायला तयार झाल्या होत्या.

ती शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. गेल्या आठवड्यात सिग्नलला उभी असताना तिचा डोळा लागला. मागे गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला, तरी तिला जाग आली ती मागच्या सीटवरच्या मुलीने खांदा हलवला तेव्हा. उद्या चालत्या गाडीत असं झालं तर? नवऱ्याला रात्री उठायला सांगावं, तर त्याची झोप पहिल्यापासूनच तशी. कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलणार नाही, असं तोच सगळ्यांना हसत हसत सांगायचा. त्यामुळे रात्री उठायचं ते तिने. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप ठरून गेलं होतं.

"तू त्या गादीवर आडवी हो," नवरा म्हणाला. "मी लांबून हाक मारून बघतो."

"इथे? चारचौघांत?"

"मग घरी नेल्यावर कळलं तर परत घेणार आहेत का हे?"

तो सगळ्याच बाबतीत असा चोख होता. बादली घ्यायची तरी दुकानात पाणी भरून बघायचा. ती चपला काढून नमुन्याच्या गादीवर आडवी झाली. अंगाखाली प्लॅस्टिक करकरलं. दुकानदाराने उशाशी मशीन ठेवून धबधबा सुरू केला. जाड, सलग आवाज, कुठे फट नाही. तिने डोळे मिटले.

पुढे तिला कळलं ते एवढंच, की नवरा तिला गदागदा हलवतोय.

"झोपलीस की काय? किती हाका मारल्या!" तो दुकानदाराकडे वळला. "हे नको. हे अजिबात नको."

उशा बघायला आलेलं एक जोडपं हसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून जास्त रडू आलं ते त्या दोन मिनिटांच्या झोपेसाठी. किती दिवसांनी लागली होती तशी.

"मग हे घ्या," दुकानदार म्हणाला. "पंख्याचा आवाज आहे, पण माणसाचं बोलणं यातून येतं. तान्ह्या बाळांच्या आया हेच नेतात."

ती पुन्हा आडवी झाली. नवरा उशांच्या रॅकमागे गेला. "आईसारखीच मारतो हाक," तो तिथून म्हणाला. "माझ्या आवाजात मारून काय उपयोग?"

पंखा घरघरू लागला. त्यातून बारीक, कापरी हाक आली. "सूनबाई." मग जरा थांबून, थोडी चिडकी, "अगं सूनबाई." हुबेहूब सासूबाई. ऐकू आलं म्हणून सांगायला तिने हात वर केला. पण त्याला परीक्षा पुरी करायची होती. मध्ये मोठी शांतता गेली, आणि मग तिसरी हाक आली, अगदी हळू, लहान मुलीसारखी.

"माई, आलीस का गं?"

तिचा हात हवेतच राहिला.

माई म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दिवसा सासूबाई तिचं नावही काढत नसत. रात्री मात्र दोन हाका मारून कुणी आलं नाही, की अर्धवट झोपेत त्या माईला बोलवायच्या. अलीकडे थकव्यामुळे सुनेला दोन हाकांत जाग येईनाशी झाली होती, त्यामुळे ही तिसरी रोजचीच झाली होती. सकाळी सासूबाईंना ओशाळल्यासारखं होईल म्हणून तिने हे कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्यापाशीही नाही.

म्हणजे तो जागा असायचा. पहिल्या हाकेपासून तिसरीपर्यंत, तिच्या शेजारी, डोळे मिटून, ही कधी उठतेय याची वाट बघत. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती मात्र तशीच पडून राहिली, कारण आत्ता उठली असती तर तिने काय केलं असतं ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"आलं ऐकू?" नवरा खुशीत रॅकमागून बाहेर आला.

"आलं."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"बघ, म्हटलं नव्हतं? हेच बांधून द्या हो."

"नको." ती उठून बसली. "मघाचं द्या. धबधब्याचं."

"अगं, वेड लागलं का? त्यातून हाक ऐकू येत नाही."

"मला नाही येत. तुम्हाला येते."

"मला? मला कुठे जाग येते? तुला माहितीये माझी झोप."

"मग आत्ता माई म्हणून कुणाला हाक मारलीत?"

दुकानदार दोन हातांत दोन मशिनं घेऊन उभा होता. कोणतं बांधायचं हे त्याला कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. तिने एकेक करून चपला पायांत सरकवल्या. आवाज चढवला नाही.

"पहिल्याच हाकेला उठत जा," ती म्हणाली. "तिसरीपर्यंत ताटकळत ठेवू नका त्यांना."