पांगाऱ्याची मेढ

"ओलं लाकूड कोणी घरात गाडते का? हे पाह्य, पुन्हा फुटलं. एक दिवस पत्रा उचलून नेईन हे!"

अंबूबाई स्टुलावर चढून मेढीचे कोंब खुडत होती. कोंब काही रोज फुटत नसत, पण तिचं बोलणं रोजचं होतं.

घर लाकडाचं. आधाराला बाभळीच्या मेढी, भिंतींना कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कुड, त्यावर शेणमाती, वर पत्रे. देऊळघाट सोडून या शिवारात राहायला आलेलं हे पहिलं बिऱ्हाड. तेव्हा इथं रस्ता नव्हता, वीज नव्हती. पावसाळा लागला की परत येतील, असं गावानं ठरवून टाकलं होतं. आता शेताच्या धुऱ्यापलीकडे शकूरभाईचं घर झालंय, त्याच्यापुढे आणखी दोन. सगळी विटांची. अंबूबाईचे यजमान उकंडराव मात्र दर साली कापूस निघाला की नव्या पऱ्हाट्या लावून कुड बांधतात.

मेढी त्यांच्या मुलानं, रामनं, गाडलेल्या. एक कमी पडली म्हणून त्यानं बांधावरचा पांगारा तोडून ओलाच उभा केला. पांगाऱ्यानं मूळ धरलं. रामला दोन वर्षांपूर्वी विहिरीवर करंट लागला. तेव्हापासून अंबूबाई मेढीवर चिडते, आणि उकंडराव रामचं नावच घेत नाहीत.

आज सकाळी त्यांनी रामचा हार घातलेला फोटो भिंतीवरून उतरवला आणि गव्हाच्या कोठीमागे ठेवला. संजीवनीला पाहायला पाहुणे येणार होते.

"आई, तुम्ही उतरा खाली. पडसान," चुलीपाशी पोहे भिजवत संजीवनी म्हणाली.

"पडली त पडली. तुले काय, तू चालली मोताळ्याले."

"मी कुठी चालली? पाहुणे तं येऊ द्या आधी."

"येतीनच. अन् तू तोंड सुतकासारखं नको करू त्याहीच्यासमोर."

"मी गेली तर मेढीले पाणी कोण घालीन?"

अंबूबाईचा हात थांबला. "म्हणजे तू पाणी घालून राह्यली होती? अन् मी इथं वरून खुडून राह्यली?"

संजीवनी हसली. पुष्कळ दिवसांनी. मग पोह्यांकडे बघत हळूच म्हणाली, "खरंच सांगा आई. बाबांच्या गुडघ्याले तेल कोण लावीन? तुमाले रात्री दिसत नाई."

"शकूरची गौसिया हाय. टॉर्च हाय. आमी काय पाळण्यात हाओत?" अंबूबाई खाली उतरली. आरशावर चिकटवलेली स्वतःची टिकली काढून तिनं संजीवनीच्या कपाळाला लावली आणि जरा लांब होऊन पाहिलं. "पोरीले किती दिवस अडकून ठेवा माणसानं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही, कारण तोंड चुलीकडे होतं.

उकंडराव शकूरभाईकडच्या खुर्च्या घेऊन आत आले. संजीवनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

पाहुणे दोघंच आले, मोटारसायकलवर. अविनाश आणि त्याची आई सुभद्राबाई. थाटमाट नको, हे आधीच ठरलेलं होतं. अविनाशची मोताळ्याला रोपवाटिका. वय पस्तिशीच्या पुढे. खुर्चीत बसायच्या आधीच त्याची नजर मेढीवर गेली. त्यानं सालीला नख लावून बघितलं.

"हे तं जितं हाय."

"नाव काढू नका," अंबूबाई म्हणाली. "खुडू खुडू बोटं काळी झाली माही."

"खुडू नका मावशी. पत्रा कापून द्या तेवढा. जाईन ते वर." मग त्यानं सहज विचारलं, "गाडलं कोणी?"

उकंडराव दाराबाहेर बघायला लागले.

"त्यांनी," संजीवनी म्हणाली, आणि चहाचा कप पुढे केला.

अविनाशनं कप दोन्ही हातांनी घेतला.

पोहे झाले. सुभद्राबाईंनी कुडावरून हात फिरवला, लिंपण कोणाचं म्हणून विचारलं, पोरीचा हात चांगला आहे म्हणाल्या. पाऊस, कपाशी, मोताळ्याचा बाजार, सगळं बोलून झालं. मधेच अंबूबाईनं उगाच सगळ्यांना पुन्हा पोहे वाढले.

शेवटी सुभद्राबाई म्हणाल्या, "पोराले पसंत हाय. मलेही हाय. पोरीनं सांगावं."

संजीवनीनं अंबूबाईकडे पाहिलं. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली, जा म्हणून. पोरीनं खाली बघूनच हो म्हटलं.

"मंग एकच राह्यलं," सुभद्राबाई जरा अडखळल्या. "राग नका मानू भाऊ. कन्यादानाले कोण बसीन? लोक विचारतीन, म्हणून म्हटलं."



उकंडराव उठले. कोठीमागून फोटो काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मेढीवरच्या खिळ्याला अडकवला. अंबूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मागच्या खेपेले तिच्या बापानं तिचा हात आमच्या रामच्या हाती देला होता," ते म्हणाले. "या खेपेले मी देतो."