व्हॉलीबॉलचा हंगाम

खेळ माणसाला घडवतो, अशी क्रीडाशिक्षणाच्या मॅडमची ठाम श्रद्धा होती. तासाला घडायला मात्र कुणी फिरकत नसे. हजेरी वाढवा, नाहीतर विषय बंद, असं विद्यापीठाने कळवल्यावर त्यांनी सत्रभर व्हॉलीबॉलचा हंगाम जाहीर केला आणि प्रत्येकाला खेळासोबत एकेक पद दिलं. दुसऱ्या दिवशी झाडून सगळा वर्ग हजर.

“चला, उतरा मैदानात,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, मी कर्णधार. मीच उतरले तर संघ सांभाळायचा कुणी?”

“तू रे?”

“मी पंच. मी खेळलेलं शोभेल का?”

“आणि तुम्ही पाच जण?”

“निवड समिती, मॅडम. अजून लायक कुणी दिसत नाहीये.”

हजेरी शंभर टक्के भरली आणि विषय वाचला. चेंडूत हवाच नव्हती, हे सत्र संपल्यावर कळलं.